उंच गाडीच्या पोटाखाली

पुलाच्या सांध्यावर दातेरी लोखंडी पट्टी बसवलेली असते. उन्हाळ्यात पूल फुगतो, थंडीत आकसतो, त्यासाठी ठेवलेली ती फट. साधी गाडी तिच्यावरून टक-टक करत निघून जाते, आपल्या ध्यानातही येत नाही. माझी पिकअप मात्र ताशी ४५ मैलांच्या पुढे गेली आणि पुलाचा सांधा लागला, की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडायला लागायची. एकदा लागली की थांबायची नाहीत. स्टिअरिंग मनगटं पिरगाळायचं, आरसे धूसर व्हायचे, बॉनेटची कडा दिसेनाशी व्हायची. घट्ट धरून काही उपयोग नसतो. पाय हळूच उचलायचा, ब्रेक अलगद लावायचा, वेग निम्म्यावर येऊ द्यायचा. मग अचानक सगळं शांत, आणि गाडी पुन्हा सरळ चालू लागते. इथल्या लोकांनी याला ‘डेथ वॉबल’ असं नाव ठेवलंय. नाव भडक आहे, पण ज्याने एकदा अनुभवलंय तो नावाला हसत नाही.

ग्रँड जंक्शन हे कोलोरॅडोच्या पश्चिम टोकाचं गाव. उत्तरेला बुक क्लिफ्सची राखाडी भिंत, दक्षिणेला लाल वालुकाश्माचे कडे, मधून दोन नद्या येऊन मिळतात. मी भूगर्भशास्त्राच्या कामाने इथे आले आणि राहिले. या भागात मँकोस नावाचा शेल पसरलेला आहे, क्रेटेशियस काळातल्या समुद्राच्या तळाचा चिखल. कोरडा असेल तेव्हा त्यावरची वाट डांबरी रस्त्यासारखी टणक, आणि वळवाची एक सर आली की त्याच वाटेचं वंगण होतं. दगड बघायला अशा वाटांनी जावं लागतं. म्हणून मी उंच, चारही चाकांना जोर असलेली जुनी पिकअप शोधत होते आणि मला १९९२ची जीप कोमांची मिळाली. ओहायोतल्या टोलेडोच्या कारखान्यात बनलेली. कोमांचीचं ते शेवटचं वर्ष. पुढचा अर्धा भाग चेरोकीचा, मागे हौदा, नाकात चार लिटरचं सहा सिलिंडरचं सरळ इंजिन, जे म्हणे मरतच नाही. गाडी माझ्याकडे आली तेव्हाच उंच केलेली होती. कुणी केली, कधी केली, कशासाठी केली, काही ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानेही ती तशीच घेतली होती.

म्हणजे तिच्या पोटाखाली शिरायचं ते एका अनोळखी माणसाने घेतलेले निर्णय वाचायला. हे काम मला परकं नव्हतं. खडकाच्या थरांकडे बघूनही हेच करायचं असतं: आधी काय होतं, मग कशाने दाब दिला, कुठे सरकलं, कुठे तडा गेला. फरक इतकाच की खडकाने काही विकत घेतलेलं नसतं.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्य रेल्वे यार्डात गेलं, डब्यांची चाकं आणि बोगी तपासण्यात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारते, पण घरी फोनवर बोलताना ते ‘रेल्वेकाका’ असतात, आणि आता मनातही तेच नाव बसलंय. माझी गाडी पाहिल्या पाहिल्या त्यांनी काही सांगितलं नाही. खाली वाकून दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध बघितलं आणि ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ कळायला मला बराच वेळ लागला.

आमच्या लहानपणी वडिलांच्या पाटबंधारे खात्यात महिंद्राची जीप असायची. कोयनेच्या बाजूच्या रस्त्यांवर ती हाडं खिळखिळी करायची. तिच्या पुढे-मागे कमानीचे पाटे होते. ड्रायव्हरमामा पाट्यांना ग्रीस लावताना आम्ही बाजूला उकिडवे बसायचो. त्या पाट्यांचं मोठेपण मला कोमांचीखाली उताणी पडल्यावर समजलं. पाटा दोन कामं करतो. वजन पेलतो, आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. एक्सल पुढे जाऊ शकत नाही, मागे जाऊ शकत नाही, बाजूलाही फारसा सरकत नाही. अशी जीप उंच करून पुढच्या एक्सलचा कल बिघडलाच, तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची लोखंडी पाचर मारली की बरंचसं निस्तरतं.

कोमांचीच्या मागे पाटे आहेत, पुढे मात्र गुंडाळीच्या स्प्रिंगा. आणि गुंडाळीची स्प्रिंग फक्त पेलते. धरण्याची अक्कल तिच्यात नाही. म्हणून पुढच्या एक्सलला पाच दांडे लागतात. चार दांडे पुढे-मागे ओढ सांभाळतात, दोन वरचे आणि दोन खालचे. त्यांना कंट्रोल आर्म म्हणतात. पाचवा आडवा, एका टोकाला ड्रायव्हरच्या बाजूने गाडीच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाला पलीकडच्या बाजूने एक्सलला जोडलेला. हा ट्रॅक बार. एक्सल डाव्या-उजव्या बाजूला कुठे राहील, ते हा एकटा ठरवतो. याच्याशिवाय गाडी आपल्याच एक्सलवर हेलकावे खात बसेल.

आता गाडी उंच करणे म्हणजे काय? स्प्रिंग लांब घालायची, बस्स. जाहिरातीत इतकंच असतं. प्रत्यक्षात या पाचही दांड्यांची एक-एक टोकं गाडीबरोबर वर जातात आणि दुसरी टोकं एक्सलपाशी खाली राहतात. दांड्यांची लांबी तीच. म्हणून प्रत्येक दांडा तिरका होतो, आणि तिरका झालेला दांडा आडव्या अंतरात आखूड पडतो. ट्रॅक बारपुरता हिशेब करून बघा. समजा दांडा ३२ इंचांचा आहे आणि सुरुवातीला अगदी आडवा आहे. त्याचं एक टोक ४ इंच खाली गेलं, तर ते बाजूला सरकतं जेमतेम पाव इंच. पण तिथून पुढचे ४ इंच खाली गेलं, तर सरकतं पाऊण इंच. खाली जाणं सारखंच, सरकणं तिप्पट. म्हणून कारखान्यातून निघताना हा दांडा शक्य तितका आडवा ठेवलेला असतो: लहान-मोठ्या खड्ड्यांत चाक वर-खाली झालं तरी एक्सल बाजूला फारसा हलत नाही. गाडी उंच केली की आपण त्या शांत पट्ट्यातून बाहेर पडतो. मग प्रत्येक खड्डा एक्सलला थोडा बाजूला ढकलतो. गाडी सरळ रस्त्यावर उभी असतानाही एक्सल ड्रायव्हरच्या बाजूला सरकलेला असतो. रेल्वेकाकांनी वाकून पाहिलं होतं ते हेच. मी नंतर दोन्ही मडगार्डांच्या कडेवरून ओळंबा सोडून मोजलं. डावं चाक उजव्याच्या मानाने स्पष्ट बाहेर आलेलं होतं.

अनोळखी माणसाचं वाचन इथून सुरू झालं. पुढे साडेचार इंच लांब स्प्रिंगा. मागे, कारखान्यातून पाटे एक्सलच्या खाली असतात ते उचलून त्याने एक्सलच्या वर बसवले होते. त्याने मागची बाजू पाच-सहा इंच उठते. स्वस्तातला आणि जुना उपाय, त्यात वाईट काही नाही. कंट्रोल आर्म मात्र जुनेच. ट्रॅक बार जुनाच. पिटमन आर्म, म्हणजे स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा हात, मात्र नवा, खाली वाकवलेला. आणि स्टिअरिंगचा डँपर, जो कारखान्यातून एक येतो, तो काढून चकचकीत पिवळे दोन. जोडीने.

या दोन डँपरांपाशी मी बराच वेळ पडून राहिले. डँपर म्हणजे आडवा लावलेला शॉकअप. चाकांची थरथर तो शोषून घेतो. त्यात काही गैर नाही. कारखान्यालाही एक लागतोच. पण दोन का? एकाने भागेना म्हणून. आणि एकाने का भागेना, हे त्या माणसाने विचारलेलं दिसत नव्हतं. थरथर सुरू झाली, एक डँपर आला. काही महिने शांतता, पुन्हा थरथर, दुसरा आला. मग तोही थकला असणार आणि गाडी विकली गेली असणार. ही गोष्ट मी रचलेली आहे, पण बोल्टांवरचा गंज वेगवेगळ्या वयाचा होता, आणि गंजाच्या वयाबद्दल माझं मत अगदीच बिनबुडाचं नसतं.

ही थरथर येते कुठून, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. १९२०च्या दशकात मोटारींना पुढच्या चाकांवर ब्रेक आले, त्याच सुमारास कमी हवेचे फुगीर टायर आले. चाकं जड झाली, टायर मऊ झाले, आणि चांगल्या चांगल्या मोटारी फडफडायला लागल्या. फिरतं चाक हा भोवरा असतो. सलग एक्सलवरचं एक चाक उंचवट्यावर चढलं की एक्सल तिरका होतो, दोन्ही चाकं कलतात, आणि कललेला भोवरा सरळ राहत नाही, बाजूला वळतो. वळला की टायर रस्त्याला बाजूने ढकलतो. त्या ढकलण्याने एक्सल उलट्या अंगाला कलतो. पुन्हा वळणं, पुन्हा कलणं. या येरझाऱ्यांना लागणारी शक्ती गाडीच्या स्वतःच्या धावण्यातून येते. म्हणून स्टिअरिंग कितीही आवळून धरलं तरी थरथर थांबत नाही, आणि वेग उतरला की उपाशी पडून थांबते. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आलेला मॉरिस ऑली हा इंजिनिअर १९३०च्या दशकात याच प्रश्नाच्या मागे होता. जनरल मोटर्सच्या १९३४च्या गाड्यांना पुढची चाकं सुटी, आपापली वर-खाली होणारी मिळाली, त्यामागे आरामाइतकाच या फडफडीचाही हात होता. मोटारी हळूहळू सलग एक्सलपासून दूर गेल्या. दणकट पिकअप आणि जीपगाड्यांनी मात्र तो धरून ठेवला. टोयोटाच्या छोट्या पिकअपचा पुढचा सलग एक्सल अमेरिकेत १९८५पर्यंत होता; ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये तो पोरगा जिच्यावर जीव टाकतो, ती काळी पिकअप त्या शेवटच्या वर्षातली.

मी हे सगळं रेल्वेकाकांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, तुमच्या मोटारवाल्यांच्या आधी आमच्याकडे होतं ते. रेल्वेचं चाक सपाट नसतं, किंचित शंकूसारखं असतं. इथे वीसास एक असा उतार असतो. जोडी रुळावर एका बाजूला सरकली की त्या बाजूचं चाक मोठ्या घेरावर चालतं, पुढे निघतं, आणि जोडी पुन्हा मध्याकडे वळते. मध्य ओलांडून पलीकडे जाते. पुन्हा परतते. रुळांवर ती नागमोडी चालत राहते. क्लिंगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८८३मध्ये या नागमोडीची लांबी मांडून दाखवली, आणि त्या सूत्रात वेग कुठेच नाही, फक्त चाकांचे आणि रुळांचे आकार आहेत. वेग येतो तो नंतर: एका मर्यादेच्या पुढे ती डोलणारी चाल विरायची सोडून वाढत जाते. यार्डात काका डब्याच्या खाली शिरून काय बघायचे? झिजलेली चाकं, सैल झालेले बुश, मोकळी झालेली जोडणी. डोलायचं तर ते सगळेच डबे डोलतात, ते म्हणाले. प्रश्न असतो की त्याला किती मोकळीक मिळतेय.

मग आम्ही मोकळीक शोधायला बसलो.

सगळ्यात आधी टायर. पुढचे मागे, मागचे पुढे, हवा सारखी. याने थरथर येण्याचा वेग थोडा बदलला, थरथर गेली नाही. म्हणजे टायर ठिणगी टाकत होते, सरपण दुसरीकडे होतं. दोन्ही डँपर काढून बाजूला ठेवले. हे करताना माझ्या पोटात गोळा आला होता, पण काकांचं म्हणणं सरळ होतं: गप्प बसवणारा जोवर आहे तोवर दुखतंय कुठे ते कळणार नाही. आता गाडी रस्त्यावर न्यायची नाही, इंजिन चालू ठेवून उभ्या जागीच मी स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहायचं, झटक्याने नाही, सलग. काका खाली. चाकं जमिनीवरच, जॅक नाही, कारण वजन असतानाच जोडण्यांचं खरं वागणं दिसतं. ते एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. डोळ्यांना न दिसणारी हालचाल हाताला लागते. टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंकची टोकं, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट. या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याच्या अंगातच घडवलेल्या पट्ट्या असतात, आणि मोठे टायर नि दगडांवरचे धक्के यांनी स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास त्या पट्टीला चीर पडू शकते. टॉर्च मारून तिथलं शोधलं. चीर नव्हती. मग ते ट्रॅक बारच्या एक्सलकडच्या बोल्टवर आले आणि तिथेच थांबले. ‘परत एकदा’, खालून आवाज आला. मी फिरवलं. ‘परत.’ मग त्यांनी मला खाली बोलावलं, माझा हात तिथे ठेवला आणि स्वतः स्टिअरिंगवर गेले.

टिक. टिक. केसाइतकं. बोल्ट घट्ट होता, दांडा घट्ट होता. ज्या भोकातून बोल्ट जातो ते भोक गोल राहिलं नव्हतं. लांबट झालं होतं. दर खड्ड्याला बाजूला ढकलला जाणारा तो एक्सल वर्षानुवर्षं ते भोक चावत बसला होता. बोल्ट सैल, म्हणून हालचाल. हालचाल, म्हणून भोक मोठं. भोक मोठं, म्हणून बोल्ट आणखी सैल. वरून दोन डँपर ठेवून हे सगळं कुणालाच ऐकू येत नव्हतं.

ब्रॅकेटवर नवी जाड पट्टी वेल्ड करून नेमक्या मापाचं भोक पाडून घेतलं आणि लांबी कमी-जास्त करता येणारा ट्रॅक बार बसवला. ओळंबा पुन्हा सोडला, आटे फिरवत एक्सल मध्यावर आणला. मला वाटलं, झालं.

खाली वाकवलेला पिटमन आर्म शिल्लक होता. स्टिअरिंग बॉक्सच्या दांड्यावरून तो काढायला जाड पुलर लागतो आणि शिव्यांचा थोडा साठाही. काढायचा का, तर ट्रॅक बार आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक, म्हणजे पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा, हे दोघे जवळजवळ एकाच लांबीचे आणि एकमेकांना समांतर असायला हवेत. दोघांचीही टोकं गाडी वर-खाली होताना वर्तुळाच्या कंसावर फिरतात. दोन कंस एकसारखे असले की एक्सल बाजूला सरकला तरी ड्रॅग लिंकही तितकाच सरकतो आणि चाकं वळत नाहीत. गाडी उंच झाली की दोघेही सारखेच तिरके होतात. दिसायला ते वाईट दिसतं, पण त्यांचं आपसात बिनसलेलं नसतं. आधीच्या मालकाला तिरका ड्रॅग लिंक खुपला असणार. त्याने वाकडा पिटमन आर्म घालून फक्त तोच सरळ केला, ट्रॅक बार तिरकाच ठेवला. तिथून पुढे प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःहून थोडं वळण घ्यायला लागली. मला या चुकीचा राग येत नाही. तिरकं दिसलं की सरळ करायचा हात पुढे होतोच. इथे दोन तिरके दांडे तिरकेच बरे होते.

चाकांच्या तोंडांचा भाग मी घाईनेच उरकला, कारण तो सोपा आहे. या गाडीत टाय रॉड थेट दोन्ही चाकांना जोडलेला नसतो, त्याचं एक टोक ड्रॅग लिंकवर असतं. म्हणून उंची बदलली की चाकांची तोंडंही बदलतात. आमची पुढून नको इतकी मिटलेली निघाली. टायरच्या बाहेरच्या कडा त्याची साक्ष देत होत्या. दोन सरळ पट्ट्या, एक टेप, दोघांचे चार डोळे. चाकाच्या पुढचं अंतर मागच्यापेक्षा इंचाचा सोळावा ते आठवा भाग कमी, एवढं जमलं की पुरे. मग ड्रॅग लिंकची लांबी फिरवून स्टिअरिंग मध्यावर.

एवढं झाल्यावर गाडी पुलावरून गेली आणि फडफडली नाही. तरी ती रेंगाळत होती. वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं तर ते मध्याकडे यायला तयार नव्हतं, सरळ रस्त्यावर दर क्षणाला बारीक-सारीक दुरुस्ती मागत होतं. आता उरला होता कॅस्टर, आणि या सगळ्या खटाटोपात माझं मन खरं रमलं ते त्याच्यापाशी.

हात सोडून सायकल चालवता येते, कारण तिचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो. चाक जमिनीला टेकतं ती जागा फोर्काच्या रेषेच्या मागे राहते. गाडीच्या पुढच्या चाकांचा वळण्याचा आसही असाच मागे कललेला असतो; तो कल म्हणजेच कॅस्टर. कोमांचीला मूळ कल सुमारे ७ अंशांचा. गाडी उंच केली की चारही कंट्रोल आर्म खाली झुकतात, वरचे आणि खालचे वेगवेगळ्या कंसांवर फिरतात, एक्सल थोडा मागे येतो आणि गोल फिरतो, आणि तो कल कमी होतो. किती कमी झाला ते मोजायचं होतं. माझ्याकडे ब्रंटन होकायंत्र आहे. डेव्हिड ब्रंटन नावाच्या खाण इंजिनिअरने, इथे कोलोरॅडोतच राहणाऱ्या, १८९४मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात दिशा आणि उतार दोन्ही मोजता येतात, म्हणून जगभरचे भूगर्भवाले ते कमरेला लटकवून फिरतात. आयुष्यभर मी त्याने थरांचा उतार मोजला. चाक ज्याच्यासह वळतं त्या नकलच्या घडीव सपाट भागाला त्याची कड लावून पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणला: ४ अंश. दुसऱ्या बाजूला जेमतेम तेवढेच. काकांना माझं यंत्र फार आवडलं. त्यांनी ते मागून घेऊन गॅरेजमधल्या सगळ्या गोष्टींचे उतार मोजले.

कंट्रोल आर्म बदलून, खालचे थोडे लांब करून, कल पुन्हा ७ अंशांवर आणता येतो. अडचण वेगळीच आहे. चाकांची नकल ज्यावर फिरतात त्या फोर्काच्या आकाराच्या टाचा एक्सलच्या नळीला वेल्ड केलेल्या असतात, आणि त्याच नळीच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा असतो, ज्याचं नाक मागे गिअरबॉक्सकडे बघतं. सगळं एकच अंग. चाकांचा कल वाढवायला एक्सल फिरवला की ते नाक खाली जातं. पण गाडी उंच झाल्यामुळे गिअरबॉक्स आधीच जास्त वर गेलेला असतो, आणि त्या दोघांमधल्या प्रोपेलर शाफ्टला नाक वर हवं असतं, थेट आपल्या दिशेने बघणारं. या शाफ्टला गिअरबॉक्सकडच्या टोकाला दुहेरी जॉइंट असतो, तो कोन पचवतो. एक्सलकडच्या टोकाला एकच क्रॉस असतो, त्याला कोन जवळपास नकोच असतो. चाकांना हवा तो कल द्यावा, तर शाफ्ट थरथरतो. शाफ्टला हवी ती दिशा द्यावी, तर गाडी रेंगाळते. कारखान्यात दोघांचंही समाधान होईल असा कोन एकदाच, एकाच उंचीसाठी, वेल्ड झालेला असतो. मग साडेचार इंचांवर दोघांचंही समाधान होत नाही. ज्याला दोन्ही हवं असतं तो टाचांचं वेल्ड कापून, त्या फिरवून पुन्हा लावून घेतो. ते मोठं काम आहे, आणि मला एवढं नको होतं.

आधीच्या वर्षांच्या कोमांचींमध्ये पुढच्या एक्सलच्या आतला एक दांडा व्हॅक्यूमने सोडवून ठेवायची सोय होती, त्यामुळे दोन चाकांवर चालताना शाफ्ट निवांत असायचा. १९९२च्या एक्सलमध्ये ती नाही. शाफ्ट कायम फिरतो, महामार्गावरही. त्यामुळे थरथर कुणाची हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. पुढचा शाफ्टच काढून ठेवायचा आणि गाडी मागच्या चाकांवर चालवायची. ६० मैलांवरची गुणगुण गेली तर दोष शाफ्टच्या कोनाचा. आम्ही ६ अंशांचा कल लावून तसं केलं. शाफ्ट काढला, गुणगुण गेली. शाफ्ट लावला, गुणगुण आली. साडेपाचवर ती इतकी बारीक झाली की रेडिओ लावला तर ऐकू येत नाही, आणि स्टिअरिंग वळणावरून आपलं आपण घरी यायला लागलं. काका पाच म्हणत होते. मी सहा म्हणत होते. साडेपाचवर दोघांचीही कुरकुर आहे.

बुशांचे बोल्ट शेवटी आवळले, गाडी चारही चाकांवर उभी करून, वजन टाकून. हे सांगायला हवं, कारण पुष्कळ जण जॅकवर लटकत्या एक्सलला बोल्ट आवळतात. रबरी बुश त्या लटकत्या कोनात पकडले जातात आणि गाडी खाली टेकली की जन्मभर पिळलेले राहतात, वर्षभरात फाटतात. मग पुन्हा मोकळीक, पुन्हा भोक लांबट. कंट्रोल आर्म अजूनही तिरके आहेत, त्यामुळे खड्ड्यात पुढून थोडा टोला बसतो. त्याला लांब दांडे हवेत, किंवा खाली आणणारे ब्रॅकेट. मला तो टोला चालतो.

डँपर एकच परत लावला, कारखान्यात असतो तसा साधा. पिवळे दोन गॅरेजच्या खिळ्यांना टांगले आहेत. त्यांचा फोटो कोल्हापूरच्या भाच्याने पाहिला आणि लगेच फोन आला. त्याच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे, तिला पुढून दोन इंच उचलायची आहे, आणि हे ‘पिवळे नळ’ पाठवशील का, असा त्याचा सवाल. मी म्हटलं, तुझ्या गाडीला पुढे हा एक्सलच नाही रे. तिची पुढची चाकं सुटी आहेत, डिफरन्शियल चासीला बांधलेलं आहे. गाडी उचलली की ते वर जातं, चाकं खाली राहतात, मधल्या दांड्यांचे जॉइंट कोनात अडकतात, रबराचे बूट फाटतात, आत माती जाते, वळताना कट-कट सुरू होते. तुझं दुखणं वेगळ्या जागी येणार. आणि तुझ्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, कारखान्याच्या मूळ रचनेत बदल करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत बजावलेलं आहे. आरटीओत आधी विचार. मग मी ट्रॅक बारचा कंस, पिटमन आर्म, साडेपाच अंश, सगळं सांगितलं. तो हूं-हूं करत राहिला. शेवटी म्हणाला, ‘मावशे, ते सगळं खरं. पण उचलल्यावर दिसतीय का नाही भारी? बाजूनं एक फोटो टाक की.’

मी बाहेर जाऊन बाजूने फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘दिसते.’